माझी आगबोट

'बोट लागणं' याला मराठीत दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. आमच्या घरात दोन्ही अर्थ एकाच प्रवासात, एकाच माणसाच्या तोंडून ऐकू यायचे. आजी डेकवर चटई पसरून बसलेली असायची. "लागली काय रे बोट?" असं तिनं विचारलं आणि तिच्या हातात लिंबाची फोड असली, तर तो प्रश्न माझ्या पोटाबद्दल असायचा. हात ट्रंकेच्या कडीवर असला, तर भाऊचा धक्का जवळ आलेला असायचा. पुढे रस्ते झाले, एसटी आली, तरी कोकणातल्या माणसानं ते क्रियापद सोडलं नाही. घाटातल्या वळणांवर त्याला 'गाडी लागू' लागली. मला नेहमी वाटतं, हा शब्द समुद्रातून वर घाटात चढून आलेला आहे.

ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे. काळ्या पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव, त्याखाली 'मालवण', आणि त्याच्याही खाली जरा लहान अक्षरात 'बोटीने'. आजोबांचं नाव आता नीट वाचता येत नाही, पण 'बोटीने' स्पष्ट आहे. तळाचा पत्रा मात्र पार गंजून गेलाय. डेकवर सकाळी खलाशी खारं पाणी मारून फरशी घासायचे, तेव्हा लोक आपली अंथरुणं उचलून उभे राहत आणि ट्रंका तशाच पाण्यात राहत.

मालवणला बोट किनाऱ्याला येत नसे. सिंधुदुर्गाच्या भोवतीचा समुद्र खडकांनी भरलेला, म्हणून ती बाहेरच नांगर टाकून उभी राहायची आणि माणसांनी होडीतून तिच्यापर्यंत जायचं. १९७४ च्या मे महिन्यात, मी आठ वर्षांचा असताना, असाच तिच्या कुशीला जाऊन भिडलो. खालून पाहिलं तर ती बोट वाटतच नव्हती, लोखंडाची भिंत वाटत होती. होडी लाटेवर वर गेली की बोटीच्या पोटातलं दार माझ्या छातीशी यायचं, खाली गेली की डोक्याच्या वर जायचं. होडीवाल्यानं मला दोन्ही काखांत धरून ठेवलं होतं. दारातला खलाशी हात पसरून वाकलेला. एक लाट त्यांनी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीला दोघे काही न बोलता एकदम हलले. मी वर होतो. माझ्यामागून ट्रंक आली, आंब्याची पेटी आली, मग लुगडं वर खोचलेली आजी. "माका सोडू नको हां," असं ती त्या अनोळखी खलाशाला म्हणाली आणि त्यानं तिला सोडलं नाही.

त्या बोटीचं नाव 'कोकण शक्ती'. ती मोगल लाइनची होती. मोगल लाइन म्हणजे १८७७ पासूनची, हजच्या यात्रेकरूंना जेद्दाला नेणारी, नंतर सरकारच्या हाती आलेली कंपनी. पण आजीला हे नाव कधी जमलं नाही. कंपनी कुठली असं विचारलं की ती म्हणायची, "माझी." मी बरीच वर्षं समजत होतो की आजीला नीट ऐकू येत नाही. ती एका खऱ्या कंपनीचं नाव सांगत होती, हे मला ती गेल्यावर कळलं.

बोटी नव्हत्या तेव्हा कोकणातून मुंबईला यायचं म्हणजे मचवा, पडाव नाहीतर फत्तेमारी. वारा असेल तर दोन-तीन दिवस, नसेल तर देव जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या वाफेच्या बोटी या किनाऱ्यावर नेमानं फिरू लागल्या आणि प्रवासाला वेळापत्रक आलं. अमुक दिवशी अमुक बंदरात बोट येणार, हे आधी माहीत असणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट! त्या वेळापत्रकावर मुंबई वाढली. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसं सव्वा लाखाच्या घरात होती. रत्नागिरी जिल्हा तेव्हा पार सावंतवाडीच्या सीमेपर्यंत पसरलेला, म्हणजे त्यात आमचं मालवणही आलं. गिरण्यांचे सांचे, गोदीतली हमाली, पोलिसातली शिपाईगिरी, घरगडी, छापखाने, सगळीकडे ही माणसं. 'चाकरमानी' या शब्दात चाकरी आहे तशी बोटही आहे, कारण जो बोटीनं गेला आणि गणपतीला किंवा शिमग्याला परत आला तो चाकरमानी. गावात राहिलेल्यांचं वर्ष त्या भोंग्यावर चालायचं. भोंगा ऐकला की मनिऑर्डर आली, माणूस आला, नाहीतर माणसाची बातमी आली.

हरणै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी. आजी ही नावं पाढ्यासारखी म्हणायची. मला भूगोलाच्या पुस्तकानं महाराष्ट्र शिकवला त्याआधी या पाढ्यानं शिकवला, आणि तोही समुद्राच्या बाजूनं.

शेफर्डची आणखी एक आठवण गुजरातेत आहे. त्यांची 'वैतरणा' ही बोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे यायची. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ च्या वादळात ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे नाहीशी झाली. सातशेच्या वर माणसं होती. त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विद्यार्थीही होते. एक फळी किनाऱ्याला लागली नाही. चौकशी झाली, आणि तिच्यात असं निघालं की बोटीवर जीव वाचवायच्या होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पुढे या किनाऱ्यावरचा मोठा पसारा बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा झाला आणि तिचा कारभार किलिक निक्सन या गोऱ्या पेढीकडे आला. तिच्या बोटींची नावं गोड होती. 'चंद्रावती', 'हिरावती', 'प्रभावती'. नावं आपली, पण तिकिटाचा दर आणि वागणूक पेढीची. डेकचा उतारू म्हणजे माल, असा एकूण हिशेब. त्याच्या विरुद्ध स्वदेशीच्या दिवसांत इथल्याच लोकांनी एकत्र येऊन बोटी सुरू केल्या. आधी 'सुखकर बोट सर्व्हिस' आणि मग इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन. हे लांबलचक इंग्रजी नाव कोण घेणार! लोकांनी तिला एकच नाव दिलं, 'माझी आगबोट कंपनी'.

मी या नावावर किती वेळा थांबलो असेन, सांगता येत नाही. 'आपली' नव्हे, 'आमची' नव्हे, 'माझी'. आपल्याकडे एसटीला सुद्धा इतकं जवळचं नाव मिळालेलं नाही. चाळीतल्या आठ बाय दहाच्या खोलीत दहा जणांत झोपणारा, खानावळीत जेवणारा, गावात खोताची जमीन कसणारा माणूस कशाकशाला 'माझं' म्हणू शकत होता? त्याला ही बोट मिळाली.

या कंपनीनं बोटींना नावंही तशीच दिली. 'तुकाराम', 'रामदास', 'सेंट अँथनी', 'सेंट झेवियर'. माळकऱ्याची बोट, समर्थांच्या शिष्याची बोट, वेंगुर्ल्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची बोट. डोक्यावर अथांग आभाळ आणि खाली अथांग पाणी असताना ज्याचं नाव घ्यावं, ते नाव बोटीच्या नाकावरच लिहिलेलं. यात धंद्याची अक्कल असेल, मला त्यात मायाही दिसते. आणि मराठीनं त्या नावांना बोटीचं लिंग लावलं. 'तुकाराम सुटली', 'रामदास आली'. संतांची नावं अशी स्त्रीलिंगी झाली आणि कुणाच्या कानाला खटकली नाहीत.

११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच दिवशी, एकाच वादळात कंपनीच्या दोन बोटी गेल्या, 'जयंती' आणि 'तुकाराम'. आजी तेव्हा लहान मुलगी होती. तिनं आयुष्यात कधी 'तुकाराम बुडाली' हे शब्द उच्चारले नाहीत. "ती बोट गेली," एवढंच म्हणायची. ज्यांची गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली असं ती दर एकादशीला ऐकत होती, त्यांच्या नावापुढे ते क्रियापद तिला लावता येत नव्हतं.

मग 'रामदास'. १९३६ साली इंग्लंडात स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, ४०६ टनांची. पावसाळा लागला की गोव्याकडच्या लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत, पण मुंबई ते रेवस हा टप्पा जवळचा, दीड तासाचा. ते बंदरातल्या बंदरात जाणंच झालं असं सगळे मानत, म्हणून ती फेरी भर आषाढातही चाले. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावास्येचा सुमार, म्हणजे गटारी. लालबाग-परळहून अलिबाग, पेण, पोयनाडकडची गिरणी कामगार माणसं दोन दिवस घरी निघालेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास'नं भाऊचा धक्का सोडला. वाटेत पाऊस आणि वारा एकदम आला. बोटीत पाणी येऊ लागलं, घाबरलेली माणसं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावली, आणि काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेनं बोट कलंडली ती परत सरळ झाली नाही. धक्का सोडून पुरता तासही झाला नव्हता. सहाशेच्या वर माणसं गेली.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट पुढची आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. त्यामुळे मुंबईत कुणाला काही कळलंच नाही. सकाळची दुपार झाली. गोदीतली कामं चालू होती, गिरण्यांची पाळी चालू होती, आणि नऊ-दहा मैलांवर माणसं फळ्यांना धरून तरंगत होती. दुपारी तीनच्या सुमाराला पोहत, वाहत कुणीतरी मुंबईच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा शहराला बातमी कळली. तोवर जे वाचले ते पोहणाऱ्यांच्या हातांनी आणि कोळ्यांच्या होड्यांनी वाचले. रेवस-मांडव्याकडे आजही सांगतात की मासळी भरून येणाऱ्या कोळ्यांनी ती समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसं घेतली.

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पोयनाडकडच्या एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान 'रामदास'वर होते. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, हे मला आईनं फार नंतर सांगितलं. लहानपणी मला एवढंच दिसायचं की गटारीच्या दिवशी अख्ख्या चाळीत मटणाचा वास सुटलेला असायचा आणि काकूंचं दार लोटलेलं असायचं. आषाढी अमावास्या ही दिव्यांची अवसही असते. फटीतून दिसायचं. पाटावर घासूनपुसून ठेवलेली समई, दोन निरांजनं, एक रॉकेलचा कंदील, सगळे पेटवलेले, आणि त्यांच्यासमोर त्या बसलेल्या. कंदील दिव्यांच्या पूजेत मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिला नाही. तो बंदरावर न्यायचा कंदील होता. संध्याकाळच्या बोटीनं माणूस येणार असला की घरचं कुणीतरी तो घेऊन धक्क्यावर उभं राहायचं.

त्या अपघातानंतर चौकशी झाली, नियम झाले. प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र आवश्यक ठरलं आणि पावसाळ्यात छोट्या बोटींची वाहतूक बंद ठेवायची रीत पक्की झाली. गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आजही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असतात, त्याच्या मुळाशी ही माणसं आहेत.

कंपन्यांची पुढची कहाणी मी पटकन सांगतो, कारण तिच्यात रमावंसं वाटत नाही. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या साथीदारांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या सिंदिया कंपनीच्या हाती बॉम्बे स्टीम आली. स्वातंत्र्यानंतर किनारा आपला झाला खरा, पण या मार्गावर पैसा सुटेना. पुढे चौगुल्यांच्या बोटी आल्या, मग मोगल लाइन. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीत उतरायचं. एसटी गावोगाव पोचली, खाडीखाडीवर पूल झाले, बोटी म्हाताऱ्या झाल्या, आणि १९८० च्या दशकात ही सेवा थांबली. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटॅमरान काही वर्षं गोव्याला धावली. ती सुटसुटीत आणि महाग होती. तिच्यात चटई पसरायला जागा नव्हती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि चाकरमान्यानं समुद्राकडे पाठ केली. गणपतीची प्रतीक्षा यादी सुरू झाली.

तरी पाणी ओलांडायची गरज संपलेली नाही. २००३ मध्ये दापोलीकडच्या एका कुटुंबानं दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू केली, 'सुवर्णदुर्ग शिपिंग'. मग वेसवी-बागमांडले, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा. खाडीला वळसा घालून जे अंतर तास-दोन तास खायचं, ते आता काही मिनिटांत पार होतं. दाभोळच्या जेट्टीवर उभं राहून मी पाहिलंय. मोटारसायकलवर गॅसचा सिलिंडर बांधलेला माणूस, कॉलेजच्या मुली, टोपलीत मासळी घेतलेल्या दोन बाया, मुंबईची एक गाडी, सगळे एकाच लोखंडी फरशीवर. कोकणाला जलवाहतूक परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं उभं राहावं. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ग्रीसमध्ये बांधलेली रो-रो बोट जाते, पाचशे माणसं आणि शे-दीडशे वाहनं घेऊन, आणि ती समुद्र फार खवळलेला नसला तर पावसाळ्यातही चालते. चांगली बोट आहे. मात्र तिच्यात शिरताना मला गाड्यांची रांग माणसांच्या रांगेहून मोठी दिसते. ज्यांच्यासाठी हा किनारा बोटींनी बांधला गेला, त्यांच्यासाठी मालवणपर्यंत, वेंगुर्ल्यापर्यंत स्वस्त डेकची बोट पुन्हा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याआधी दुसरी एक गोष्ट हवी. १८ डिसेंबर २०२४ ला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. दोन्हींवरची मिळून १५ माणसं गेली. बोटीवरच्या कितीतरी जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बातमी वाचताना मला 'वीजळी'च्या चौकशीतलं ते वाक्य आठवलं आणि हातातलं वर्तमानपत्र मी खाली ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी नातीला घेऊन एका लाँचमध्ये बसलो. जॅकेटं होती. छताला नायलॉनच्या दोरीनं गठ्ठा बांधून टांगलेली, वर धूळ. मी लाँचवरच्या पोराला म्हटलं, "दोन काढून दे." तो म्हणाला, "काका, पाणी शांत आहे, काही लागत नाही." मी उभाच राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलावर चढला. गाठ इतकी जुनी होती की सुटेना, त्यानं ती शेवटी सुरीनं कापली. नातीच्या अंगात जॅकेट घातलं, ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. पट्टे आवळून बांधले. तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या बाईनं आपल्या मुलासाठी हात पुढे केला. मग तिच्या शेजारच्यानं. लाँच सुटली तेव्हा गठ्ठ्यात तीनच उरली होती.

माझ्या आजीनं बोटीला 'माझी' म्हटलं आणि तिच्याकडे आयुष्यभर काही मागितलं नाही. तुम्ही मागा. घारापुरीला जा, मांडव्याला जा, धोपाव्याला जा, चढल्याबरोबर जॅकेट कुठं आहे ते विचारा, काढून द्यायला सांगा, आणि आधी मुलांच्या अंगात घाला. धक्क्यावरचा दोर सुटायच्या आत.